ओट्यावर हजर, मोबाईलवर गैरहजर

पौषातला बुधवार, संध्याकाळ

आईच्या वॉकरसाठी दिवसभर ओट्यावर बसून राहिलो आणि आत्ता मोबाईलवर संदेश आला: 'ग्राहक घरी नव्हते.' मी नव्हतो? मग इथे बसून चहावर चहा कोण ढोसत होतं?

उद्या म्हसा गावची जत्रा. पाय मोडल्यापासून आईचा एकच हट्ट, देवळात स्वतःच्या पायांनी जायचं. म्हणून तर वॉकर मागवला. पार्सलवाल्याला फोन लावला.

"दादा, तुमचा चढ माझ्या गाडीला नाय जमत."

"मग तसं लिही ना! 'ग्राहक घरी नव्हते' कशाला?"

"चढाचं बटनच नाय आमच्या ॲपात. उद्या जत्रेला येनार ना तुमी? मी पन येतोय. घोंगड्यांच्या दुकानांपाशी देतो."

म्हणजे वॉकर घ्यायला जत्रेत जायचं, आणि जत्रेत जायला वॉकर हवा! मी कपाळाला हात लावला. आई मात्र खूश.

"रिक्षानं नेऊन सोड मला घोंगड्यांपाशी. तिथून देवळात मी चालत जाईन. तू ये मागून."

रिक्षा सांगून ठेवली आहे. मोबाईलवर अजून तेच, 'ग्राहक घरी नव्हते'. असू दे. उद्या तरी ते खरं होईल.