उरलेल्या गोळ्या मागू नयेत

तीर्थरूप मामा,

बऱ्या झालेल्या घशाने, म्हणजे पूर्ण आवाजात, नमस्कार. तुमचे गुडघे, तुमची स्कूटर आणि तुमचा राग तिन्ही ताब्यात असतील असे धरून चालतो. इकडे मी ठीक आहे. बोकाही ठीक आहे. (तुम्ही गेल्या वर्षी घराबाहेर काढून माझ्याकडे धाडलात तोच. बसस्टँडवरच्या आमच्या घोषणेच्या खोलीत माइकशेजारी झोपतो आणि पगार न घेता माझ्यापेक्षा जास्त मान घेतो.)

तुमचा निरोप कंडक्टरने पोचवला. मामीचा घसा धरला आहे, तुझ्या उरलेल्या गोळ्या याच्या हाती पाठव, नवीन आणू नकोस, उरलेल्याच चालतील, असा. उत्तर तोंडी देता आले असते, पण कंडक्टर प्रत्येक थांब्यावर निरोपात स्वतःचे थोडे घालतो, म्हणून लेखी देत आहे. उत्तर एका ओळीचे आहे. पण ते एका ओळीत दिले तर तुम्ही रागावाल, म्हणून आधी सगळी हकिगत सांगतो. मग रागवा.

तुम्हाला आठवत असेल, मी तुमच्याकडून निघालो तेव्हाच माझा घसा दुखत होता आणि तुम्ही तो बिस्किटांचा गोल डबा काढलात. त्या डब्याला आपल्या घरात सगळे दवाखाना म्हणतात हे तुम्हाला माहीत आहे. डबा उघडताना तुमच्या चेहऱ्यावर जे तेज येते ते मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवताना कधी आले नसेल. (राग मानू नये. शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या गाडीचा ब्रेक दाबण्यात तुमचा जन्म गेला. आता तुम्ही दुसऱ्याच्या आजाराचा दाबता, एवढेच.) तुम्ही एका पट्टीचा कातरलेला तुकडा दिलात. नाव अर्धे कापलेले, तारीख पूर्णच कापलेली. मी विचारले, हे कशाचे आहे? तुम्ही म्हणालात, "घशाचं. आणि बरं वाटलं की थांबव. औषध आहे, जेवण नव्हे, ताट चाटूनपुसून संपवायला."

मी आज्ञाधारक भाचा. थोड्या घेतल्या, बरे वाटले, थांबलो, बाकीच्या जपून ठेवल्या. पुढे घसा असा उलटला की थुंकी गिळायची तरी मनाची तयारी करावी लागे. ताप चढला. माइकसमोर बसलो तर तोंडातून फक्त वारा आला. तिकीट खिडकीवरच्या भोंग्याला (त्याचे खरे नाव साहेबांनाही आठवत नाही) माझ्या जागी बसवले. त्याने पहिल्याच सकाळी दोन गाड्या एका फलाटावर बोलावल्या आणि दोन्ही ड्रायव्हर खाली उतरून एकमेकांच्या खानदानाची चौकशी करू लागले.

तेव्हा डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी आ करायला लावले, गळ्याच्या गाठी चाचपल्या आणि कापसाच्या काडीने घशाच्या आतून काहीतरी पुसून घेतले. (त्या क्षणी मी त्यांच्या टेबलावर जवळजवळ सकाळचा चहा ठेवला होता.) तपासून म्हणाल्या, जंतूंचा घसा आहे, याला अँटिबायोटिक लागेल. बहुतेक घसे सर्दीच्या जातीचे असतात, त्यांना हे औषध काही करत नाही. तुमचा त्यातला नाही. मला उगीच अभिमान वाटला. मग तुमच्या डब्यातला तुकडा मी नम्रपणे पुढे केला. त्यांनी तो चिमटीत असा धरला, जसा मी बोक्याने आणलेला उंदीर धरतो.

त्या म्हणाल्या ते तुम्हाला जसेच्या तसे कळवतो, कारण माझे शब्द तुम्ही मानणार नाही. अर्धवट घेतले की रोग पुरता जात नाही, आणि जे जंतू उरतात ते औषधाला सरावू शकतात. दिले आहे तितके दिवस घ्यायचे, मध्ये बरे वाटले तरी. एखादी वेळ चुकली तर आठवताच घ्यायची, पण पुढची वेळ जवळच आली असेल तर चुकलेली सोडून द्यायची. दोन एकदम कधीच नाहीत. अंगावर पुरळ, ओठ-चेहरा सुजणे, श्वास अडकणे यांतले काही झाले तर गोळी बंद आणि तडक दवाखाना. आणि पहिला दिवस लोकांत मिसळू नये, पेला वेगळा ठेवावा.

मी सगळे पाळले. जास्तच पाळले. खोक्यातला घडीचा कागद उघडून शेवटपर्यंत वाचला. (तो पुन्हा घडी होत नाही. अजून आमच्या पलंगावर चादरीसारखा आहे.) वाचता वाचता मला मळमळले, मग खाज सुटली, आणि पुढे 'काही स्त्रियांमध्ये' म्हणून जे लिहिले होते तेही थोडे जाणवले. धावत डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी विचारले, गोळी घेऊन किती वेळ झाला? मी म्हणालो, गोळी अजून घ्यायची आहे.

वेळ चुकू नये म्हणून फोनवर भोंग्याच्या आवाजात गजर भरून घेतला: "औषध घे. दोन घेऊ नकोस. पोट बिघडलं तर सांग." कामावर परतलो तेव्हा फोन माइकशेजारी ठेवला आणि बोक्याने झोपेत माइकच्या बटणावर पाय दिला. गजर सगळ्या स्टँडवर घुमला. लोकांनी पिशव्या चाचपल्या. एक आजोबा खिडकीशी येऊन म्हणाले, घेतलं बाबा, पण माझं पोट बिघडलेलं तुम्हाला कसं कळलं?

पण मामा, मुद्दा इथे आहे. डॉक्टरबाईंनी विचारले होते, घरात कुणाला औषध बाधले आहे का? माझ्या तोंडून निघून गेले की मामीचे ओठ गेल्या वर्षी सुजले होते, अंगावर गांधी उठल्या होत्या, पण ते मांजराच्या केसांनी, म्हणून तर बोका माझ्याकडे आला. त्यांनी पेन खाली ठेवले. त्या दिवशी मामींनी काही खाल्ले होते का? मी म्हणालो, दाढ दुखत होती म्हणून डब्यातली एक गोळी. याच पट्टीतली. अर्ध्या नावावरून त्यांनी औषध ओळखले. मला दिलेले त्याच घराण्यातले आहे. त्या म्हणाल्या, बाधण्याची शंका दाट आहे, पुन्हा घेतले तर कदाचित ओठांवर थांबणार नाही, श्वास बंद होऊ शकतो.

तेव्हा उत्तर असे: उरलेल्या गोळ्या नाहीत. डॉक्टरबाईंनी दिलेल्या सगळ्या मी खाल्ल्या. आणि असत्या तरी पाठवल्या नसत्या. भाचा म्हणून एवढा उद्धटपणा पोटात घालावा.

आपला आज्ञाधारक (या एका बाबतीत सोडून),
भाचा

ता. क. मामी बहिणीकडे गेली आहे असे तुम्हाला वाटते. ती माझ्याकडे आहे. मीच फोन करून बोलावली, रागवायचे ते माझ्यावर. डॉक्टरबाईंनी तिचा घसा पाहिला. सर्दीचाच निघाला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, तापाला साधी गोळी आणि विश्रांती. (विश्रांती तुमच्या घरी मिळेल का, असे त्यांनी विचारले. मामी हसली.) बाधणाऱ्या औषधाचे नाव तिने कागदावर लिहून घेतले आहे आणि तुमच्या चष्म्याच्या डबीत ठेवणार आहे, म्हणजे तुम्ही रोज वाचाल.

ता. क. २. डबा शोधू नये. मामी तो घेऊन आली होती. आतले सगळे, माझ्याकडे उरलेल्या तुकड्यासकट, औषधाच्या दुकानात नष्ट करायला दिले. दुकानदाराने एका गोळीकडे बघून विचारले, ही कंपनी अजून आहे? डबा परत येत आहे, त्यात आता बटणे आहेत.

ता. क. ३. खरे काम राहिलेच. मामी उद्या संध्याकाळच्या गाडीने पोचेल, स्टँडवर घ्यायला या. तिच्या हातातली टोपली जड नाही, पण आपोआप हलते. तिचे म्हणणे, तो निर्दोष सुटला आहे, आता तुम्ही त्याची माफी मागायची. तेवढी मागा. आणि तो शिंकला तर त्याला काही देऊ नका.