गलक्याची कॅसेट

मी, खाजामियाँ वल्द इमामसाब, वय अडुसष्ट, धंदा रेडिओ-टेप दुरुस्ती, राहणार लातूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. डावा कान कमी ऐकतो, पण कायद्यात कानाची अट नाही, असे वकील म्हणाले.

१. घर व बँकेतली शिल्लक यांची वाटणी शरियतप्रमाणे व्हावी. त्यात माझी लुडबुड नाही. पत्नी फरीदा हिने चाळीस वर्षे दुकानाची खरखर सोसली, त्याबद्दल तिची माफी मागतो.

२. सोल्डरिंग गन, मीटर व पेचकस मुलगी रुखसार हिला. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

३. वरच्या मजल्यावरचे क्लासवाले भुजंग सर यांनी माझ्या दारावर ठोकलेली ‘शांतता राखा’ ही पाटी त्यांना खिळ्यांसकट परत करावी. त्यांची दोनशे पोरे एकदम सूत्रे घोकतात, ते मला फार आवडते. हे त्यांना आजवर मुद्दाम सांगितले नाही.

४. ब्याण्णव साली औसा तालुक्यात लिंबाळवाडीच्या देवळात किशनच्या भजनी मंडळाची कॅसेट भरायला गेलो. तार पुरेना, म्हणून पेटीजवळ ठेवायचा माइक मी गल्लीकडच्या खिडकीत टांगला. भजन लांबून आणि गल्ली जवळून आली. कोंबड्या, हापशाचा खडखडाट, आणि किशनची बायको सरस्वतीबाई दारातून ओरडते, “आवो, भाकरी थंड व्हायलीय, येताव का न्हाई?” किशन गाण्यात दंग. उत्तर नाही.

कॅसेट ऐकून तो भडकला. “खाजाभाई, ह्यात भजन कुठं हाय? निस्ता गलका हाय!” माझ्यासमोर टाकून गेला. वर्षभर बोलणे बंद.

मग भूकंपात गाव गेले. सरस्वतीबाई गेल्या. दोन महिन्यांनी किशन दुकानात आला, उभ्यानेच म्हणाला, “ती गलक्याची कॅसेट हाय का?” तेव्हापासून तो दर शनिवारी येतो, ऐकतो आणि चहात साखर कमी म्हणून भांडतो.

मुलगा मुज्तबा क्लासच्या लेक्चरांमधला पंख्याचा आवाज कॉम्प्युटरवर काढून देतो. कामात पक्का आहे. म्हणतो, “अब्बा, हीपण साफ करतो, नुसतं भजन राहील.” बेटा, मग सरस्वतीबाई तुझ्या मशीनला कचराच वाटणार. आवाज हा आवाजच असतो. आपल्याला नको झाला की आपण त्याला गलका म्हणतो. मी जन्मभर खरखर काढायचे काम केले, आणि हे मला पन्नाशीत कळले.

म्हणून कॅसेट व चालू टेप किशनला द्यावा. मुज्तबाने नक्कल जरूर करावी, पण एक कोंबडीही कमी होता कामा नये.

५. किशनलाच साक्षीदार करणार होतो. ज्याला वस्तू मिळते त्याची साक्ष नको, असे वकील म्हणाले. तो रुसून बाहेर बाकावर टेप लावून बसला आहे. आत्ता सरस्वतीबाईंनी हाक मारली. आणि दर शनिवारसारखा किशन म्हणाला, “आलो, आलो.”

सही: खाजामियाँ
लातूर, १८ जून २०११

आमच्यासमोर सही झाली. किशनरावांचे उत्तर आम्हीही ऐकले.
साक्षीदार: गुरुपादप्पा (डाळमिलचे मुनीम), जुबेर (पंक्चरवाले)