गाण्याखालचा आवाज

प्रिय भोपू,

काल तुझा फोन वाजत होता आणि मी तो हातात धरून नुसती बघत बसले होते. मग तू ठेवलेला निरोप ऐकला. चष्म्याच्या दुकानाची नवी शाखा तुझ्यावर सोपवायची म्हणतात, आणि तू शनिवारी मालकीणबाईंना नाही म्हणून सांगणार आहेस. कारण काय, तर रेकॉर्डिंगचं बोलावणं कधीही येईल, संध्याकाळी मोकळ्या हव्यात. शनिवारच्या आत तुला काही सांगायला हवं. फोनवर माझी दातखीळ बसेल, म्हणून लिहितेय. लिहितानाही आडवळणाने जाईन, तुला सवय आहे.

मावशीकडची ती कॅसेट आठवते? शाळेतल्या पोरापोरींचा सिनेमा. शाळेच्या कार्यक्रमात जिला कोणी घेत नाही ती मुलगी रिकाम्या व्यायामशाळेत एकटी गाते, ते गाणं आपण इतक्यांदा मागे घेऊन पाहिलं की पडद्यावर तिच्या चेहऱ्याऐवजी पांढरे पट्टेच दिसायला लागले. तू इस्त्रीच्या टेबलावर चढायचीस, हातात कंगवा. मी खाली बिस्किटांचा डबा बडवायचे. शब्द तुला अर्धेच यायचे, उरलेले तू बिनदिक्कत पदरचे घालायचीस. आणि श्वास? जगात कोणी घेत नाही तिथे, ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी. मावशी म्हणायची, ही पोरगी जिन्यावरून धावत येऊन गाते की काय. मग मीच डब्यावर हात उगारून थांबायला शिकले. तुझा तो शब्द आला की हात खाली.

म्हणून तर त्या काळच्या शाळा-कॉलेजच्या सिनेमांतली गाणी आपल्यासारख्या लहानसहान बँडनी आपापल्या ढंगात वाजवायची, असा अल्बम निघतोय कळलं आणि आपल्या वाट्याला नेमकं तेच गाणं आलं, तेव्हा आपण दोघी स्वयंपाकघरात नाचलो होतो. आईला वाटलं, माझं लग्न ठरलं. माझे ड्रम रेकॉर्ड करायच्या दिवशी रेकॉर्डिंगवाल्या काकांनी तुला काचेपलीकडे उभं केलं. नुसतं गुणगुण म्हणाले. वाजवणारीला गाणं कुठवर आलंय ते कळावं एवढ्यापुरताच हा आवाज, नंतर खरं गाणं झालं की तो पुसायचा. तू कसली गुणगुणतेस! जीव ओतून गायलीस. मी डोळे मिटून तुझ्यामागे वाजवत गेले.

त्यानंतर मी तुला सांगितलं की अल्बम पुढे ढकललाय. भोपू, तो ढकललेला नाही. गाणं तयार आहे, येत्या शुक्रवारी लोकांसमोर येतंय. ते दुसरीने गायलंय. बँकेत काम करते, तयारीची आहे, स्वभावाने चांगली आहे. तिला बिचारीला वाटतं की तू आपणहून सोडलंस. अल्बम काढणाऱ्यांना तुझा आवाज कच्चा वाटला, आणि ते तुझ्या तोंडावर सांगायचा मला धीर झाला नाही.

पुढची गंमत ऐक, म्हणजे मला गंमत म्हणवत नाही. काकांनी तुझा आवाज काढून नवीचा घातला आणि गाण्याचा पार विचका झाला. ती चोख तालात गाते. माझे ड्रम मात्र प्रत्येक ओळीच्या शेवटी कोणाची तरी वाट बघत थांबलेले. काकांनी विचारलं, वाजवताना डुलकी लागली होती का. मी पुन्हा वाजवून पाहिलं, तरी हात तिथेच थांबायचा. शेवटी त्यांनी तुझा आवाज परत आणला, अगदी हळू, नवीच्या आवाजाखाली. गाणं उभं राहिलं. अल्बमवाला खूश. गाण्याच्या तळाशी काहीतरी आहे म्हणाला, अंगावर काटा येतो म्हणाला. ते काय आहे असं त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. घरी येऊन भांडी घासता घासता ते गाणं कितीदा तरी ऐकलं. मला आनंद झाला गं. लाज आधी वाटायला हवी होती, पण आधी आनंद झाला.

वर मी लिहिलं की त्यांना तुझा आवाज कच्चा वाटला. खोडणार होते, पण राहू दे. ते खोटं आहे. अल्बमवाल्याने तुझं गाणं ऐकलं, माझ्याकडे वळला आणि एवढंच विचारलं, "ही तुमची बहीण ना? हिलाच ठेवायचं?" मी म्हणाले, "कच्ची आहे अजून. दुसरी बघू." त्याने खांदे उडवले. त्याला काही फरक पडत नव्हता. तुझा पत्ता मी कापला.

का, ते मी रोज स्वतःला विचारते. मागच्या कार्यक्रमानंतर लोकांचा तुझ्याभोवती घोळका झाला होता आणि एका बाईंनी मला सामान उचलणारी समजून गाडी कुठे लावलीय असं विचारलं, आठवतं? तू खो खो हसलीस, मीही हसले. मला हसू आलं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी सख्ख्या बहिणीचं असं करतं का, असं तू म्हणशील. मी केलं.

गाण्यावर तुझं नाव येणार नसेल तर माझे ड्रमही काढून टाका, असं आज अल्बमवाल्याला कळवलंय. तो काय करेल माहीत नाही, आणि तेवढ्याने माझं तोंड उजळ होत नाही हेही कळतं. तुझा निरोप आला नसता तर मी अजूनही गप्पच बसले असते, शुक्रवारी तू कुठेतरी गाणं ऐकून स्वतःचा श्वास ओळखेपर्यंत. पण तू माझ्या थापेपायी हातातली शाखा सोडायला निघालीस आणि मी कागद पुढ्यात ओढला. शनिवारी मालकीणबाईंना हो सांग. माझं काय करायचं ते सावकाश ठरव, नाहीतर ठरवूच नकोस. संध्याकाळी मोकळ्या ठेवून बोलावण्याची वाट पाहू नकोस, भोपू. तुझं रेकॉर्डिंग कधीच होऊन गेलंय.

तुझीच म्हणवून घ्यायला तोंड नसलेली, तरी तुझीच,
ताई