तिच्या वतीने

आई, गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत एका पोरीने तुझी युक्ती साफ नाकारली. हे सांगायला दुसरं कोण आहे मला!

अजून डोळ्यांसमोर आहे ते लहानपण: दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तू पोळ्या लाटते आहेस. कूलरसमोर कोणी झोपायचं यावरून मी आणि दादा हमरीतुमरीवर आलोय. तू दिवसभर संसदेत दुभाषी म्हणून हेडफोन लावून बसायचीस. ज्याचं म्हणणं मुळीच पटत नाही, त्याचंही 'मी' म्हणूनच बोलायचीस. तोच नियम घरी. "आधी दादा हो, मग भांड." मी नाक फेंदारून म्हणते, "मी दादा, मी मूर्ख आहे." तू लाटणं खाली ठेवतेस. "चेष्टा नको. तो म्हणाला तेवढंच सांग. हे माझंच म्हणणं आहे, असं त्याला वाटलं पाहिजे." शी, किती राग यायचा तुझा! आणि असं बोलता बोलता भांडण अर्धं विरून जायचं, याचा तर त्याहून जास्त.

आता दर रविवारी मी तरुण मुलांना घेऊन तेच करते. गोल करून बसायचं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ते 'मी' म्हणून परत सांगायचं, पहिल्याने मान डोलावली की मगच उत्तर. मत देऊन आलं की लोकशाही संपते का, संपत नसेल तर आपल्या गेटच्या आत ती कशी असावी, यावर पोरं तासन्तास बोलतात. शेवटी सगळी म्हणाली, सोसायटीच्या रीडिंग रूमपासून सुरुवात करू. ती दिवसभर रिकामी असते. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंची मुलगी गटात आहे. बारावीची परीक्षा तोंडावर आलीय आणि घरी तिला अभ्यासाला कोपराही नाही. तिला आणि तिच्यासारख्यांना ती खोली उघडावी, एवढीच मागणी.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये फ्लॅटवाल्यांनाच बोलू देतात. म्हणून तिची बाजू आमच्याच बिल्डिंगमधल्या एका मुलाने मांडायचं ठरलं. काय बोलतो गं तो! तू ऐकतच राहिली असतीस. तालमीत त्याने तिचं सगळं 'मी' म्हणून सांगितलं आणि आम्ही तिच्याकडे पाहिलं. तिने मान डोलावलीच नाही. "बात बिल्कुल सही है," ती म्हणाली, "पर आंटी, मेरी तरफ़ से तो सब बोलते हैं. मेरी बात मैं ही बोलूँगी."

काल मीटिंगमध्ये त्या मुलाने माइक घेतला, "मेरा टाइम इसका है," म्हणाला आणि तिच्या हातात दिला. सेक्रेटरी "अरे, अरे" करत राहिले. ती अडखळली, घामाघूम झाली, वाक्यं अर्धवट सोडली, पण बोलली. हात वर करून मतं घेतली आणि आम्ही सपशेल हरलो. बाहेर आल्यावर मी तिला जवळ घ्यायला गेले, तर म्हणते, "आंटी, अगली मीटिंग कब है?" मला भरूनच आलं.

हे मी ओट्याशी उभी राहून लिहितेय, कारण जेवणाच्या टेबलावर तिची पुस्तकं पसरलीत. सकाळपासून मान वर केलेली नाही तिने. आई, एक फक्त तुलाच सांगते. ती माइक घेऊन उभी राहिली ना, तेव्हा माझ्या मनात येत होतं, त्या मुलालाच बोलू द्यायला हवं होतं, खोली मिळाली असती. हे तिला सांगायचा मला अजून धीर होत नाही.