सोळाचा प्लग, सहाचा सॉकेट

५ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

ओव्हन आला! आता मी बिस्किटं विकायला मोकळी. फक्त त्याच्या प्लगचे पाय जाड आणि स्वयंपाकघरातला सॉकेट बारीक, दोघांचं काही जमेना. दुकानदारानं कन्व्हर्टर दिला आणि प्रश्न मिटला. तरी पंधरा मिनिटांनी एमसीबी पडतो नि घर अंधारात. शेजारचा नळवाला म्हणतो, सहा अँपिअरचा एमसीबी काढून वीसचा लावू, कटकट संपेल. पंधरा तारखेला येऊन लावणार आहे. अठराला शाळेची तीनशे बिस्किटांची पहिली मोठी ऑर्डर आहे, म्हणून घाई.

वायरमनच्या मुलीनं नळवाल्याकडून वीज शिकावी, यावर तुम्ही चिडणार. चिडा, पण पत्र लिहा. डोळे कसे आहेत?

लोभ आहे तेवढा ठेवा, उपदेश थोडा कमी चालेल.

तुमची,
ठकू

९ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

आधी ओव्हन बंद कर, कन्व्हर्टर काढून फेक, मग पुढचं वाच.

प्लगचे पाय कुणाच्या हौसेसाठी जाड केलेले नाहीत. तुझा ओव्हन दोन हजार वॅटचा, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर ओढणार. सॉकेट सहाचा. कन्व्हर्टरनं प्लग बसला, तरी भिंतीतली वायर जाड होत नाही. एमसीबी पडतो तो तिला वाचवायला. वीसचा लावलास तर तो निवांत बसेल आणि वायर जळेल. मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर, सोळाचा सॉकेट, सोळाचा एमसीबी आणि अर्थिंग, हे सगळं लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घे. नळवाल्याला नळच बघू दे.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते. नऊ वर्षांपूर्वी शिंपीकाकांचं दुकान जळलं ना, तिथंही नवी मोठी इस्त्री होती आणि सारखा एमसीबी पडत होता. काका माझे जुने दोस्त, ते मागे लागले म्हणून मी सहाच्या जागी वीसचा लावला. वायर पुढच्या आठवड्यात बदलू म्हटलं. आठवडा उजाडायच्या आत आग लागली. काका म्हणाले, माझीच इस्त्री चालू राहिली. मी भिंतीतली जळकी वायर पाहिली आणि मूग गिळून बसलो. डोळ्यांचं कारण सांगून काम सोडलं. डोळे ठणठणीत आहेत.

माया आटू देऊ नकोस.

तुझा,
बाबा

१४ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

कन्व्हर्टर काढला तेव्हा एका बाजूनं तपकिरी झालेला होता. नळवाल्याला नको म्हटलं, तो फुगून बसलाय. नवी लाइन आज टाकून झाली, अगदी तुम्ही लिहिलीत तशी. ओव्हन तासभर चालला आणि प्लग गारच राहिला. ऑर्डर वेळेवर जाईल.

आता दुसरी गोष्ट. मला राग आलाय, बाबा. काका अजून जो भेटेल त्याला सांगतात, मी असा विसरभोळा की स्वतःच्या हातानं दुकान जाळलं. आपण सगळे हसतो. तुम्हीही हसायचात. मला सावध करायला तुम्ही खरं लिहिलंत, मग ते काकांना ठाऊक नको? लहान तोंडी मोठा घास घेतेय, पण जाऊन सांगा.

रागावले असले तरी तुमचीच आहे, हे धरून चाला.

ठकू

१९ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. काल गेलो. काका पुन्हा उभारलेल्या दुकानात एकटेच काज करत होते. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बसलो असतो तर धीर सुटला असता.

त्यांनी सुई कापडात खोचून ठेवली. मग म्हणाले की गेली नऊ वर्षं दुकान बंद करून घरी पोचल्यावर ते पुन्हा परत येतात, कुलूप उघडतात आणि इस्त्रीला हात लावून बघतात. रोज. बायकोला फेरफटका मारायला जातो म्हणून सांगतात.

माफ केलं का, ते कळलं नाही. चहाचं विचारलं नाही. मी दुकानाबाहेर समोरच्या पायरीवर बसून राहिलो. संध्याकाळी त्यांनी कुलूप लावलं, माझ्याकडे न बघता घराकडे वळले. मी अंधार पडेपर्यंत तिथेच थांबलो. ते परत आले नाहीत.

एवढंच. आशीर्वाद आहेतच, तुझा राग ओसरला की कळव.

बाबा