छुई न लागलेली भिंत

प्रिय दुर्गाताई,

फोनवर तू दिवाळी बरी झाली म्हणालीस आणि मीही हो-हो करत फोन ठेवला. मग तुझ्या शेजारच्या सुशिलाकाकीनं सगळं सांगितलं. काऊन लपवलंस गं? तुझ्याशी बोलायला तोंड नाही, म्हणून लिहून राहिलो.

मुंबईत माझं बरं चाललंय. गोंदियात राइस मिलच्या भिंतीवर स्प्रे मारताना चौकीदारानं ज्या पोराला बदडलं, त्याची, म्हणजे माझी, चित्रं आता गॅलरीत थंड हवेत टांगलीत. पण लोकांना हवी होती ती तुझ्या घराची भिंत. दर उन्हाळ्यात मी तिच्यावर काहीतरी काढायचो आणि दिवाळीला तू छुईच्या पांढऱ्या मातीनं पोतारून टाकायचीस. मला कधी वाईट वाटलं नाही, नवी भिंत मिळायची. यंदा तुला काढलं, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळताना, भिंतभर. फोटो पाहून गॅलरीच्या बाई म्हणाल्या, तेवढी भिंत कापून आणू, तिथं विटांची बांधून देऊ. मी लगेच मान डोलावली आणि तुला हुकूम सोडला, यंदा छुई लावू नको.

दिवाळीला छुई न लागलेलं घर म्हणजे दुखवट्याचं घर, हे आमगावच्या पोराला कोणी शिकवायला हवं होतं का? डोक्यात हवा गेली होती, दुसरं काय! काकी म्हणाली, बाया पदर घेऊन तुझ्या ओसरीत येऊन बसल्या, मुंबईचा भाऊ गेला का म्हणून विचारू लागल्या. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गायगोधनाला गुरं राखणारे गायकी नाचत आले ते तुझं दार टाळून पुढं गेले. तू त्यांना द्यायला सुपात धान घेऊन दारात उभीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, ताई. भाऊजींना तर काय तोंड दाखवू?

बाईंना नाही म्हणायला गेलो होतो. त्यांनी चहा पाजला, पुढच्या प्रदर्शनाचं काढलं, आणि मी शेपूट घालून परत आलो. मग तुला लिहायला बसलो, की भिंत कापायला माणसं यायच्या आत तूच ती पोतारून टाक, मी चित्र पावसानं गेलं म्हणून सांगतो. तो कागद फाडला. बहिणीला तिचंच तोंड पुसायला सांगून आपण नामानिराळा राहणारा भाऊ, थू त्याच्यावर! आज सकाळी परत गेलो आणि भिंत मिळणार नाही म्हणून सांगून आलो. बाई खूप रागावल्या. प्रदर्शनही गेलं, जाऊ दे.

शनिवारच्या गाडीनं निघतो. तू फक्त छुई भिजवून ठेव, पोतारा मीच मारीन. आणि त्या सगळ्या बायांना बोलावून घे. मला शिव्या घालशील त्या एकट्यात घालू नको, त्यांच्यासमोर घाल.

तुझाच लाजलेला,
योगराज