आमच्या घरात अंधार नव्हता

३ फेब्रुवारी, सोमवार

पास्टरांनी माझी साक्ष लिहून दिली. माझी! रविवारी उल्हासनगरला मोठी सभा आहे. तिथे मी उभं राहून सांगायचं, प्रभूने माझ्यासाठी काय केलं. दर सभेत कुणी ना कुणी सांगतंच. पण कागद वाचला आणि डोकं फिरलं — 'मी मूर्तिपूजक घरात, अंधारात वाढले...'

कसल्या मूर्ती? आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच देव्हारा रिकामा केला. कात्रपच्या आमच्या घरात बुद्धांचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो आणि भिंतभर पुस्तकं. अंधार म्हणे!

४ फेब्रुवारी

पास्टरांना सांगितलं. ते म्हणाले, सिस्टर, साक्ष अशीच असते, आधी अंधार सांगितला की लोकांना उजेड कळतो. माणूस वाईट नाही. पण सगळ्यांना एकाच मापाची पँट घालायला निघालाय. मी दिवसभर कारखान्यात जीन्स चेक करते — मला माप कळत नाही होय?

६ फेब्रुवारी

बुद्धभूषणचा फोन. धाकटा भाऊ, पण आवाज थोरल्याचा. सभेचं त्याच्या कानावर गेलंय. "ताई, तिथे आपल्या घराची बदनामी केलीस ना, तर बाबांना तोंड दाखवू नकोस."

तसंही ते कुठे बघतात? मी बाप्तिस्मा घेतला त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून बाबांनी बेलवलीत माझ्या घरी पाऊल ठेवलेलं नाही. ऐंशीला आलेत. मी कात्रपला गेले की पेपर तोंडापुढे धरतात.

भावाला म्हटलं, काय सांगायचं ते मी ठरवणार. तू नाही, पास्टर नाही. फोन आपटला आणि रडत बसले. राग आला की मला रडू येतं, फार जुनी खोड आहे.

७ फेब्रुवारी

साक्ष म्हणजे स्वतः पाहिलेलं सांगणं. मी काय पाहिलं?

माझा नवरा जितेश गेल्यावर मी चार महिने अंथरूण सोडत नव्हते. शेजारच्या इंदुबाई रोज सकाळी यायच्या. भांडी घासायच्या, पोळ्या लाटायच्या, निघून जायच्या. देवाचा एक शब्द नाही. शेवटी मीच विचारलं, का करता एवढं? "माझ्यावर कुणीतरी असंच प्रेम केलंय गं." कोण ते मी विचारलं, तेव्हा कुठे त्यांनी येशूचं नाव घेतलं.

चमत्कार नाही, काही नाही. डॉक्टरांच्या गोळ्या अजून घेते. एवढंच पाहिलं. एवढंच सांगणार.

९ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं! कागद पर्समधून काढलाच नाही.

म्हटलं, आमच्या घरात अंधार नव्हता. माझे वडील हरिचंद्र अंबरनाथच्या फॅक्टरीतून रात्रपाळी करून यायचे आणि झोपायच्या आधी माझी गणितं तपासायचे. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, विचार करून मानायचं, हे त्यांनीच शिकवलं. मी येशूकडे आले ती तशीच. कुणाला घाबरून नाही, कुणी काही दिलं म्हणून नाही. मग इंदुबाईंचं सांगितलं. त्या तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या.

पास्टर हातानं खुणा करत होते, आवरा, आवरा. मी आवरलं नाही. टाळ्या कमीच पडल्या. आमच्या मंडळीतल्या माधवीने मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करून स्टेटसला टाकलंय. ती कात्रपचीच. टाकू दे!

११ फेब्रुवारी

पास्टर म्हणाले, काही दिवस सभेत बोलू नका. बरं, नाही बोलत. समोरच्या बिल्डिंगमधल्या द्रौपदीबाईंचं ऑपरेशन झालंय. उद्यापासून सकाळी त्यांच्याकडे जाणार. त्याला काही पास्टरांची परवानगी लागत नाही.

१३ फेब्रुवारी

कात्रपहून फोन नाही. मीही करणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

बाबा आले. एकटे, रिक्षाने. बसले. चहा मागितला आणि सगळा प्यायले. व्हिडिओ बुद्धभूषणनेच त्यांना दाखवला म्हणे. रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी गेल्यावर शोकसभेत तू बोलायचंस. भूषणला सांगून ठेवलंय."

म्हटलं, "बाबा, मी येशूचं नाव घेणार."

"घे. पण माझं आधी."